‘सोडा’ म्हणायचं राहून गेलं

गंगापूर रोड, नाशिक

ती. दादास,

हेमलताचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे साष्टांग आता फक्त पत्रातच जमतो, तेव्हा तो पुरता समजून घ्यावा.) मी इकडे बरी आहे. तिकडे नामपूरला वहिनी, सुना, नातवंडं, गोठ्यातली जनावरं आणि कांदाचाळीतला कांदा सगळे धडधाकट असतील असं धरून चालते. तुझी तब्येत मात्र विचारत नाही, कारण उत्तर मला पाठ आहे. ‘माले काय व्हयेल शे?’ हे तू मागच्या पोळ्यापासून म्हणतो आहेस आणि त्या वाक्याच्या आधीही खोकतोस आणि नंतरही. हवामानाचा खोकला आहे म्हणे. अण्णांचाही हवामानाचाच होता. दिवाळीनंतर जाईल म्हणाले होते, आणि दिवाळीनंतर तेच गेले. असो. छातीच्या एक्स-रेचा विषय या पत्रात काढणार नाही असं मी वहिनींना वचन दिलं आहे (तो निघाला की तू ताटावरून उठतोस म्हणे). दिलेला शब्द निदान सही करेपर्यंत तरी पाळावा, एवढं सिस्टर बेनेडिक्टांनी मला लाकडी पट्टीनं शिकवलेलं आहे. अण्णांनी मला मावशीकडे ठेवून कॉन्व्हेंटात घातलं आणि तुला रानात, हे तू अजून बोलून दाखवतोस. पण पट्टी मला होती, तुला नव्हती, हे सोयीनं विसरतोस. फोन न करता लिहिते आहे कारण विषय नावडता निघाला की तुझ्या फोनची रेंज जाते. कागदाला रेंज लागत नाही आणि मध्ये बोलताही येत नाही.

तर आता माझ्यावर काय गुदरलं ते ऐक. निवृत्त बाईनं काय करावं याबद्दल लोकांची मतं ठरलेली असतात: भजनी मंडळ, हास्यक्लब नाही तर दुसऱ्याची नातवंडं. मला गाता येत नाही, कारण नसताना हसता येत नाही आणि दुसऱ्याची नातवंडं मला घाबरतात. म्हणून तुझ्या लेकीनं, राखीनं, तिचा जुना कॅमेरा माझ्या गळ्यात घातला तेव्हा मी ज्येष्ठांच्या छायाचित्रण वर्गात नाव नोंदवलं. वर्ग एका मिसळीच्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर भरतो, त्यामुळे सौंदर्याबद्दलचं सगळं ज्ञान तर्रीच्या वासात मिळतं. शिकवायला महेश नावाचा मुलगा आहे. (आम्ही साठीच्या बायकांनी त्याला सर म्हणायचं आणि त्यानं आम्हाला मॅम, अशी तिथली रीत आहे.) त्याच्या जाकिटाला इतके खिसे आहेत की मोजायला दुसरा माणूस लागावा, आणि त्यातल्या एकातही पेन नाही. माझंच मागतो. पहिल्या दिवशी त्यानं प्रत्येकाला विचारलं, पोर्ट्रेटकडे तुमचा अ‍ॅप्रोच काय? एका निवृत्त तहसीलदारांनी ‘माणसातलं माणूसपण’ असं काहीतरी सांगितलं आणि स्वतःच मान डोलावली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, ‘पाठीमागून.’

वर्ग हसला. हसण्यासारखं काहीही नव्हतं. छातीचा एक्स-रे पाठीमागूनच घेतात. छाती प्लेटला टेकवायची, हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे झुकवायचे, तोंड भिंतीकडे. सरकारी दवाखान्यातल्या त्या खोलीत मी नोकरीची सगळी वर्षं उभी होते आणि निम्म्या जिल्ह्याच्या पाठी पाहून निवृत्त झाले. बाजारात कुणी ‘ताई, ओळखलं का?’ म्हणून समोर आलं की मला म्हणावंसं वाटतं, जरा वळा. हरसूलकडची म्हातारी माणसं तर एक्स-रेला सरळ फोटोच म्हणायची आणि केस चापून, पावडर लावून यायची. एक बाई ठेवणीतली नथ घालून आली होती. मी ती काढायला लावली, नियम म्हणजे नियम. माझी रचनेची कल्पना ही अशी होती, दादा. माणूस मधोमध, अंगावर धातू नाही, ‘श्वास घ्या, रोखा’ म्हणायचं, बटण दाबायचं, ‘सोडा’ म्हणायचं आणि पुढच्याला आत घ्यायचं. एवढ्या तीन शब्दांवर माझं सगळ्यांशी उत्तम जमत असे. घरच्यांशीही जमलं असतं, पण घरचे रोखत नाहीत.

पहिला गृहपाठ अनोळखी चेहऱ्यांचा होता. मी आमच्या इमारतीचा वॉचमन, कोपऱ्यावरची भाजीवाली आणि दिंडोरीचा एक द्राक्षबागायतदार असे टिपले. बागायतदाराला ट्रॅक्टरवर हात ठेवून फोटो हवा होता. मी धातूचं काही चालणार नाही असं सांगून ट्रॅक्टर बांधापलीकडे न्यायला लावला, बिचाऱ्यानं नेलाही. महेश सरनं ते फोटो भिंतीवर मोठे करून दाखवले. मग तो हळूच म्हणाला, ‘मॅम, यांना अटक कधी झाली?’ मी म्हटलं, सभ्य माणसं आहेत. तो म्हणाला, मग त्यांनी श्वास का कोंडून धरलाय? मी म्हटलं, मी सांगितलं म्हणून. त्यावर त्यानं मला तृतीयांशाचा नियम समजावला. चौकटीचे उभेआडवे तीन-तीन भाग करायचे, माणसाला मधून उठवून एका रेघेवर बसवायचं आणि तो जिकडे बघतो तिकडे मोकळी जागा सोडायची. (तुझे फोटो या नियमानं अगदी निर्दोष आहेत. प्रत्येक लग्नात तू कडेला उभा आणि तोंड मांडवाबाहेर, कांद्याची गाडी आली का ते बघायला. मी त्या दिवशी घरी येऊन सगळे अल्बम काढले. तुझा एकट्याचा, समोर बघणारा असा एकही फोटो नाही. हे आपलं सहज सांगितलं.)

आता कुसाबाई. या आमच्या तळमजल्यावर राहतात, ऐंशी ओलांडलेल्या, मूळच्या दिंडोरीकडच्या. मुलगा सोमनाथ द्राक्षबागेची औषधं विकतो, सून शुभांगी घर आणि सासू दोन्ही सांभाळते, आणि सासू-सुनेचं बोलणं पहिल्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू येतं. कुसाबाई मला डाक्टरीणबाई म्हणतात. मी नाही सांगून दमले. त्यांच्या बैठकीत यजमानांचा, नाथाबाबांचा, हार घातलेला फोटो आहे. माणूस गेला त्या दिवशी घरात त्याचा एकट्याचा फोटो सापडेना, म्हणून कुणाच्या तरी हळदीतल्या घोळक्यातून त्यांना कापून काढलं. कापणाऱ्यानं डोकं व्यवस्थित सोडवलं, पण खांद्यावरचा एक परका हात तसाच राहिला. तो हात झिपरूचा, म्हणजे नाथाबाबांच्या चुलतभावाचा. याच झिपरूशी ते बांधावरून जन्मभर भांडले, त्याच्या दारचं पाणी प्यायले नाहीत. आता रोज सकाळी उदबत्ती दोघांना मिळते.

कुसाबाईंनी याचा धसका घेतला आहे. ‘मला आसं कुनाच्या हळदीतून कापू नगा,’ मला जिन्यात अडवून म्हणाल्या. ‘डाक्टरीणबाई, तू माझा येकलीचा काढ. मी जित्ती हाय तवर मला बघू दे. सून म्हनती आपशकुन. आगं पन मागनं कसला लावतील, मी काय उठून बघनार हाय का?’ मला यात कुठेच चूक सापडेना. सुनेच्या डोळ्याआड करायचं ठरलं. एका दुपारी शुभांगी पिशवी घेऊन बाजाराकडे वळताना दिसली आणि मी कुसाबाईंना हाताला धरून गच्चीवर नेलं. तिथं तिच्याच कुरडया वाळत होत्या. त्यांना वळसा घालून पाण्याच्या टाकीजवळ खुर्ची मांडली, मागे दोरीवर पांढरी चादर सोडली आणि खाली पायांपाशी दुसरी पांढरी चादर अंथरली. (खालच्या चादरीवरून उजेड उसळून चेहऱ्यावर येतो, हे महेश सरचं. ज्याचं त्याला श्रेय द्यावं, विशेषतः पुढे जे झालं त्याचं.)

कुसाबाई काठापदराचं ठेवणीतलं लुगडं, बोरमाळ आणि बुगड्या घालून बसल्या. मी सवयीनं म्हटलं, दागिने काढा. त्या म्हणाल्या, ‘का? चोर हायेस का?’ दागिने राहिले. मग मी त्यांना तृतीयांशाच्या रेघेवर घेतलं आणि पडद्यावर दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघून विचारलं, ‘ही बाजूची पडीक कुनाच्या नावावर?’ मी म्हटलं, ती तुमच्या नजरेसाठी सोडलेली मोकळी जागा आहे. ‘मोकळी जागा ठिवली का मानसं भांडत्यात,’ त्या म्हणाल्या, आणि एवढं आयुष्य बांधावर काढलेल्या बाईशी मी काय वाद घालणार? तेवढ्यात त्यांनी ओच्यातून पुडी सोडली. आत झेंडूचा हार. वॉचमनकडून आणवला होता. घातल्यावर कसा दिसतो ते बघायचं होतं. पुन्हा कोण बघणार, म्हणाल्या. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली असल्यामुळे अशा प्रसंगी काय म्हणावं हे मला कुणी शिकवलेलं नाही. त्यांनी हार स्वतःच गळ्यात घातला, मान ताठ केली, डोळे वर लावले आणि म्हणाल्या, ‘हां, काढ.’

मी हात वर केला आणि म्हटलं, ‘श्वास घ्या. रोखा.’

इथं एक तांत्रिक गोष्ट सांगणं भाग आहे. माझ्या जुन्या यंत्राला चेहरा शोधावा लागत नसे. हा कॅमेरा शोधतो, आणि त्या दुपारी त्याला कुसाबाईंपेक्षा पाण्याच्या टाकीत जास्त माणूसपण दिसत होतं. मी त्याला टाकीवरून कुसाबाईंवर आणते, तो पुन्हा टाकीवर जातो. या गडबडीत तिसरा शब्द म्हणायचा राहून गेला. आणि कुसाबाई ही सांगितलेलं ऐकणारी बाई नाही असं शुभांगी खुशाल म्हणो, मी सांगितलं तसा त्यांनी श्वास रोखला आणि रोखूनच धरला. त्याच वेळी शुभांगी कुरडया परतायला गच्चीवर आली. (बाजारात गेलीच नव्हती, पिठाची गिरणी बंद म्हणून कोपऱ्यावरून परत फिरली होती.) तिला काय दिसलं असेल ते तूच बघ. मागे पांढरी चादर, खाली पांढरी चादर, मध्ये ठेवणीतलं लुगडं नेसलेली सासू, गळ्यात हार, डोळे आभाळाकडे, छाती हलत नाही, आणि समोर मी, एक हात वर करून, गप्प.

‘आत्याऽऽ!’ असं ती जे ओरडली ते मी दवाखान्यातसुद्धा ऐकलेलं नाही. पिशवी टाकली, कुरडयांवरून तशीच धावत आली, सासूच्या खांद्याला गच्च धरलं आणि ‘आत्या, माझ्याशी बोला हो, सकाळचं मनावर घेऊ नका हो’ असं काहीबाही रडू लागली. तेव्हा कुठे मला आठवलं आणि मी म्हटलं, ‘सोडा.’

कुसाबाईंनी सोडला. त्या श्वासाबरोबर जे बाहेर पडलं ते असं: ‘आगं मेले नाय मी! कुरडयांवर हुबी हायेस तू, बाजूला सर!’ आणि माझं बोट, जे या आधीच्या सबंध आयुष्यात फक्त ‘रोखा’वर दाबलं गेलं होतं, ते या वेळी ‘सोडा’वर दाबलं गेलं. कॅमेऱ्यालाही तेवढ्यात टाकीचा कंटाळा आला असावा.

यापुढचं थोडक्यात सांगते. किंकाळी ऐकून आमचे सोसायटीचे अध्यक्ष जिन्याच्या तोंडापर्यंत आले, हार आणि चादरी पाहिल्या आणि पुढे येऊन विचारण्याऐवजी (मृत्यूच्या वेळी माणसाला एकांत द्यावा अशी त्यांची शिकवण आहे) खाली जाऊन इमारतीच्या ग्रुपवर दुःखद निधनाची बातमी टाकून मोकळे झाले. आम्ही कुरडया वेचतो आहोत तोवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. सोमनाथ गिऱ्हाईकाला अर्धं सोडून अनवाणी जिना चढून आला, तर आई खुर्चीत हारासकट बसून चहा पीत होती. मग कुसाबाईंनी त्याच्याकडून सगळे शोकसंदेश मोठ्यानं वाचून घेतले. कुणाला काय वाटलं हे ऐकण्याची संधी सहसा कुणाला मिळत नाही आणि त्यांनी ती वाया जाऊ दिली नाही. ‘वरच्यानं नुसते हात जोडले? शब्द नाय लिवला? माझ्याकडनं लोनचं न्हेतो दरसाली,’ म्हणाल्या, ‘बघते त्याला.’ पुढे अध्यक्षांनी गैरसमजाबद्दल क्षमस्व असं लिहिलं. त्यालाही दोघांनी हात जोडले.

आणि फोटो, दादा. मी तो घरी मोठा करून पाहिला. कुसाबाई मधोमध नाहीत, रेघेवरही नाहीत, कुठेतरी मध्येच आहेत. तोंड उघडं, हार एका खांद्यावरून घसरलेला, भुवया अशा की समोरच्यानं माफी मागावी. बाजूच्या मोकळ्या जागेत शुभांगी घुसली आहे, थोडी हललेली, नाक लाल, गाल ओले, आणि तिचा हात सासूच्या खांद्यावर. मी एवढी वर्षं माणसांच्या आत पाहिलं, पण कुणी बाहेर आलेलं मला कधी दिसलं नव्हतं. सोमनाथला फोटो पसंत नव्हता. तो म्हणाला, ‘काकू, निदान शुभांगीला कापून काढा. आणि हा हात तेवढा पुसता आला तर बघा.’

कुसाबाईंनी चष्मा लावून तो फोटो इतका जवळून पाहिला की काचेला वाफ धरली. मग सुनेकडे न बघता मला म्हणाल्या, ‘ही खरीच रडली गं. नाकातून पानी हाय बघ. मला लय दिसाचा घोर व्हता, रडंल का नाय.’ शुभांगी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘कुरडया तुडवल्या म्हणून रडले.’ कुसाबाई म्हणाल्या, ‘आसू दे.’ आणि सोमनाथला बजावलं, ‘कापायचं नाय काही. ह्यो हात झिपरूचा नाय, राहू दे.’ फोटो आता नाथाबाबांशेजारी लागला आहे, हाराविना. रोज येणारे-जाणारे दचकतात, कारण जिवंत बाई खालीच बसलेली असते.

महेश सरनं तोही भिंतीवर मोठा करून दाखवला. तो म्हणाला, मॅम, फोकस जरा हुकलाय, तिसरा भाग भरलाय, आणि तुमचा अ‍ॅप्रोच सापडलाय. मी म्हटलं, सापडला वगैरे काही नाही, एक शब्द उशिरा म्हटला एवढंच. पण तेव्हापासून मी तसंच करते. समोर बसलेल्याला सांगते, श्वास घ्या, रोखा. सगळेच रोखतात, ऐटीत रोखतात, जो तो भिंतीवर लावण्याजोगा होऊन बसतो. मी काहीच करत नाही. मग म्हणते ‘सोडा’, आणि सगळं घसरतं, खांदे, ऐट, कुणाचा राग, कुणाची कवळी. तेव्हा दाबते. वॉचमनचा पुन्हा काढला. तो चक्क विनोदी माणूस निघाला. बागायतदाराकडेही पुन्हा जाणार आहे, ट्रॅक्टरसकट.

एवढंच. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, कांद्याला भाव. उत्तर लिहायचे कष्ट घेऊ नकोस. तुझं अक्षर मला औषधाच्या दुकानात दाखवावं लागतं.

तुझी धाकटी बहीण,
हेमलता

ता. क. : सही झाली, म्हणजे माझा शब्द पाळून झाला. वर्गाचं प्रदर्शन आहे आणि कुसाबाईंच्या शेजारी लावायला सरला आणखी एक चेहरा हवा आहे, शक्यतो हट्टी आणि कटकट्या माणसाचा. असा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. येत्या गुरुवारी राखी तुला गाडीतून घेऊन येईल. टोपी धुतलेली घाल. मांडवाबाहेर बघायचं नाही; गच्चीवर मांडव नाही.

ता. क. : गच्चीवर मात्र दुपारी जाऊ. सकाळी आधी दवाखान्यात जायचं आहे. माझ्या जागेवर आता तेजस्विनी नावाची मुलगी आहे, तिला सांगून ठेवलं आहे. एक्स-रे आधी आणि फोटो नंतर, कारण उलट केलं तर फोटोत तू श्वास कोंडूनच बसशील, आणि तसा तू पोळ्यापासून बसलेलाच आहेस. वहिनींवर चिडू नकोस. वचन त्यांनीच मागितलं होतं, पण सहीपर्यंतचंच असू दे, हेही त्यांनीच सुचवलं. अण्णांना आपण दिवाळीनंतर नेणार होतो. तुला गुरुवारी नेणार आहे.

ता. क. : घाबरू नकोस. पाठीमागूनच घेतात, त्यामुळे तुझा चेहरा कुणाला दिसणार नाही, मलासुद्धा नाही. ‘रोखा’ तेजस्विनी म्हणेल. तिसरा शब्द मी म्हणणार आहे, दाराशीच उभी राहीन. या वेळी विसरणार नाही.